मला सुतक नव्हतं

नाचणे, रत्नागिरी
१८ नोव्हेंबर २०२४

चि. अपूर्वास अनेक आशीर्वाद.

आज सोमवार. सकाळी बँकेत हयातीचा दाखला दिला, येताना कोथिंबीर घेतली. दुपारी तू पाठवलेली कादंबरी संपली. कुंदाला जाऊन आज एकोणतीस दिवस झाले. फोनवर मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

इंग्रजी जड गेलं. शब्दकोश घेऊन रोज दहा पानं वाचली. सुरुवातीच्या नकाशात नदी डोंगर चढून जाते. मोजणी खात्यात तीस वर्षं नकाशे काढले, त्यामुळे दिसलं. गोष्ट ज्यू लोकांची, त्यांच्याविषयी मला काही ठाऊक नव्हतं. खात्यात अलिबागकडचे एक बेने इस्राएल साहेब होते, ते शनिवारी काम टाळत, एवढीच माहिती.

गोष्टीतली मुलगी थडग्यांवर नावं कोरते. तिची सखी भरतीच्या पाण्याशी बोलते. दोघींच्या प्रेमाची काही पानं मी भराभर उलटली. मग मागे जाऊन नीट वाचली. सखी बुडते. त्यांच्यात गेलेल्या माणसासाठी आठवडाभर जमिनीलगत बसायचं असतं, आरसे झाकायचे, शेजाऱ्यांनी उकडलेली अंडी आणून द्यायची. कुणी बसायचं ते ठरलेलं असतं: आईबाप, मुलं, भावंडं, नवरा, बायको. या मुलीला सांगतात, तू यात येत नाहीस. ती कपड्याला चीर देते आणि बसते. तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं.

शेवटी सखी पाण्यातून परत येते, ते आवडलं नाही. येत नाहीत.

तुला एक सांगते. कुंदा गेल्यावर तिला गुहागरला तिच्या भावाकडे, चिंतामणरावांकडे नेलं. त्यांच्या घराला दहा दिवस सुतक. मला नव्हतं. वहिनी म्हणाल्या, बरं झालं उमाताई तुम्ही आहात, देवांचं तेवढं बघाल. दहा दिवस मी त्यांची फुलं काढली, पूजा केली, दिवा लावला. माणसं चांगली आहेत. पण सगळे पलीकडे चटयांवर बसलेले, आणि मी सोवळ्यात. मी त्यांना शिवायचं नव्हतं. एकतीस वर्षं आम्ही एका घरात काढली, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

तुझी ती रूममेट बरी आहे ना? माया आहेच, सांगायला नको.

तुझी
उमाआत्या


पुणे
२३ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. नकाशातली चूक काढणारी जगात तू एकटीच असशील. समीक्षा म्हणते, प्रकाशकाला कळवू, पुढच्या आवृत्तीत नदी खाली आणतील.

समीक्षा म्हणजे माझी 'ती रूममेट'. आत्या, ती रूममेट नाही. पुस्तक पाठवलं ते यासाठीही. तोंडाने सांगायचं धाडस झालं नाही. बाबांना अजून माहीत नाही.

आता रागावू नकोस. लहानपणी तुमच्याकडे सुट्टीला यायचे तेव्हा कुंदामावशी पहिला चहा तुला द्यायची आणि तू प्यायल्याशिवाय स्वतःचा कप उचलायची नाही म्हणून मी तुम्हाला चिडवायचे. तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं. तू कुंदामावशीची कोण, असं कुणी विचारलं तर काय सांगशील? मला नाही सांगितलंस तरी चालेल. पण गुहागरच्या लोकांना कधी कुणी सांगितलंच नसेल, तर त्यांनी काय करावं?

वेळेवर जेव. उत्तराची वाट पाहते. माझी आठवण ठेव.

तुझी
अपूर्वा


गुहागर
३ डिसेंबर २०२४

श्रीमती उमाताई यांस, स. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. कुंदा म्हणायची, उमाचं अक्षर छापल्यासारखं आणि बोलणं मोजल्यासारखं. पत्रही तसंच आहे.

आपण कळवता की आपल्याला उशिरा कळलं, म्हणून उशिराच्या नियमाने कुंदाचं तीन दिवस सुतक पाळलंत, आणि आम्हाला ते मान्य नसेल तर वर्षश्राद्धाला येणार नाही. काय कळलं ते मी विचारत नाही.

मात्र नियमात चूक आहे. आमचे वडील भिक्षुकी करत, त्यांची पोथी काढून पाहिली. उशिरा कळलं तर तीन दिवस, हे इतर नात्यांना. आईवडिलांचं, आणि नवराबायकोला एकमेकांचं, केव्हाही कळलं तरी दहा. आपले तीन झाले. सात राहिले आहेत, ते पाळावेत.

देवांचं आम्ही आपल्यावर टाकलं. तसं करायला नको होतं. शेजारी सांगता आलं असतं. हे पत्र हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, वर्षश्राद्धाला आदल्या दिवशीच या, हर्षद गाडी घेऊन येईल. हर्षद माझा मुलगा, आपण ओळखताच.

आहे तो जिव्हाळा दोन्हीकडून राहावा.

आपला
चिंतामण


नाचणे, रत्नागिरी
१२ डिसेंबर २०२४

चि. अपूर्वास अनेक आशीर्वाद.

आज गुरुवार. सकाळी चटई गुंडाळली, गादी उन्हात टाकली. काल दहा दिवस पुरे झाले.

चिंतामणरावांना मी लिहिलं होतं, त्याचं उत्तर सोबत पाठवते. वाचून परत कर, मला ते हवं आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला लिहायला जमलं नव्हतं. ते त्यात आहे.

धाकू दूध घालायला आला, त्याला म्हटलं पिशवी कडीला लाव, सुतक आहे. त्याने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, घरचं माणूस. तो म्हणाला, बाईंना जाऊन तर दीड महिना झाला की. मी म्हटलं, त्यांचंच. त्याने पिशवी कडीला लावली. दुसऱ्या दिवसापासून पिशवीबरोबर चार केळी असत. पैसे घेईना.

या दिवसांत मी रडले. गुहागरला रडले नव्हते. हातात निरांजन असायचं.

नाताळच्या सुट्टीत समीक्षाला घेऊन ये. वडिलांना केव्हा सांगायचं ते तू ठरव. आत्याला माहीत आहे, एवढं मात्र त्यांना सांगितलंस तरी चालेल. तिला मासे चालतात का, ते कळव.

तुम्हा दोघींवर माझा जीव आहे, हे धरून चाला.

पाणी तापलं आहे. आज डोक्यावरून घ्यायचं असतं. उठते.

तुझी
उमाआत्या