बुधवारच्या बादल्या

प्रिय शोभा,

इथं एक शहाळं शंभर रुपयांच्या आसपास पडतं. पण तो झाला पाटीवरचा भाव. खरा भाव काढायचा तर त्यात विमान धर, पासपोर्टसाठी घातलेले हेलपाटे धर, महाळुंग्याचं मशीन शॉप आठवडाभर गणेशच्या हवाली केलं त्याची धाकधूक धर, आणि निघताना जागामालक आबांनी गेटवर सगळ्या पोरांसमोर मारलेला टोमणाही धर. "निगाला व्हय शेठ समुद्रावर? जावा की, आमी काय न्हाई म्हनतोय? फकस्त भाडं भरून जावा. बुडाला-बिडाला तर आमी कुनाकडं बघायचं?" हे सगळं मोजल्यावर ते शहाळं माझ्या हातात आलंय. पितोय. बरं आहे. देहूरोडला हातगाडीवर मिळायचं तेही इतकंच गोड होतं.

मी तुला पत्र लिहितोय याचं तुलाच हसू येईल. आपल्यात पत्राची वेळ आली कधी? तुझा निरोप डब्यातून यायचा. भाजीत मीठ जास्त, म्हणजे सकाळचं माझं बोलणं लागलंय. डब्यात धपाटे, म्हणजे मिटलं.

पण आज गुरुवार आहे आणि मला काही काम नाही. असा गुरुवार माझ्या वाट्याला आला हे सांगायचं तर तुलाच सांगायला हवं. शिवाय उद्या मी परत निघतो. येताना परतीची दोन तिकिटं काढून आलो होतो. त्यातली किती वापरायची ते काल संध्याकाळी ठरलं. तेही तुला कळायला नको का?

तुझं वर्षश्राद्ध झालं आणि त्याच आठवड्यात आपल्या ऋतूनं हिंजवडीची नोकरी सोडली. चांगली एचआरमधली नोकरी! महिन्याभरात पाठीवर एक भलीमोठी बॅग बांधली आणि निघाली. श्रीलंका, व्हिएतनाम, कंबोडिया. कुठं बसनं, कुठं बोटीनं, एकटी. तुझ्या बहिणीचा मला फोन आला. म्हणाली, "दाजी, पोरगी पळून गेली असती तर निदान कुणाबरोबर गेली ते तरी सांगता आलं असतं. आता लोकांना काय सांगायचं?" मी म्हटलं, सांगा आशिया बघायला गेली. तर म्हणते, "एवढं काय आहे त्यात बघण्यासारखं?"

पाच-सहा महिने फिरून ऋतूचे पाय दमले, म्हणून ती थायलंडच्या या बेटावर थांबली. बेटाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. तिचा फोन आला, "बाबा, मी आता पंधरा दिवस काहीच करणार नाहीये. तुम्ही या." मी विचारलं, काहीच करायचं नाही तर मी येऊन काय करू? म्हणाली, "तुम्हाला ते शिकवायचंय."

आलो. पण खरं सांगू? शिकायला नाही, तिला न्यायला आलो. पुनावळ्याच्या फ्लॅटचं कुलूप संध्याकाळी उघडलं की फ्रिजचा आवाज ऐकू येतो गं. तू होतीस तेव्हा तो फ्रिज वाजतो हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मला! केबिनमध्ये बसून कुठल्या लेथवरचं टूल बोथट झालंय ते सांगणाऱ्या माणसाला! तू शेजारणींना सांगायचीस ना, "आमच्या ह्यांना मशीनचं सगळं ऐकू येतं, माणसाचं तेवढं सोडून"?

पहिले दोन दिवस समुद्रानं माझा छळ मांडला. लाट येते, फुटते, मागं जाते, पण ताल म्हणून नाही. एक लहान, दोन मोठ्या, मग मध्येच गप्प. अशी मशीन असती तर मी केव्हाच बंद करून खोलली असती. ऋतू आपली खुर्चीत आडवी, डोळ्यांवर टोपी. मी तिच्या शेजारी ताठ बसलेला, बस येणार असल्यासारखा.

तिसऱ्या दिवशी मला काम सापडलं. आमच्या झोपडीतला पंखा कुरकुरत होता. बुश कोरडं पडलं होतं, दुसरं काही नाही. मालकीणबाईंकडून खुणेनं तेल मागितलं, घातलं, आवाज बंद. बाई खूश! दुपारी बघतो तर बाकीच्या झोपड्यांतले पंखे उतरवून तिनं माझ्यासमोर ओळीनं मांडलेले. मीही बसलो मांडी घालून. ऋतूनं टोपी वर केली. "बाबा, तुम्ही सुट्टीवर आलाय का ओव्हरटाइमला?"

पण एक गोष्ट तुला छाती काढून सांगतो. आठवडाभरात 'घरी चल' हे शब्द मी तोंडातून जाऊ दिले नाहीत. मोठ्या कंपनीच्या परचेसवाल्यासमोर बसायची सवय आहे मला. भावाचं जो आधी बोलला तो गेला. आपण गप्प बसायचं, चहा प्यायचा, पोराबाळांची चौकशी करायची. इथंही तेच केलं. तुला तासभर तरी राहवलं असतं का? विमानतळावरच तिच्या गळ्यात पडली असतीस.

शोभा, तुला एक मेचा तो दिवस आठवतो? ऋतू दुसरीत होती. माझी सुट्टी गुरुवारची, कारण त्या दिवशी आपल्या सगळ्या कारखान्यांच्या पट्ट्यात लाईट बंद. तिच्या शाळेची सुट्टी रविवारची. तिघांना एक दिवस मिळायचा तो असाच, पंधरा ऑगस्ट नाहीतर एक मे. त्या वर्षी गणेशच्या मेहुण्याची जीप मिळाली आणि आपण पहाटे कोकणात उतरलो. तू पहिल्यांदा समुद्र बघणार होतीस. परांड्याच्या पोरीला समुद्राचं केवढं ते! घाटात तीनदा विचारलंस, "अहो, आला का?" आणि पोचल्यावर काय केलंस? समुद्राकडं पाठ करून बसलीस. वारा सुटला होता आणि डब्यात वाळू उडत होती. तू पदर पसरून डबा झाकून बसलीस. मग ऋतूचा फ्रॉक धुतलास. मग चपलांची राखण केलीस. निघताना मी विचारलं, कसा वाटला? म्हणालीस, "छान आहे की. आवाज लई करतंय."

यावर तुझ्याशी भांडायचं राहून गेलंय. समुद्र बघायचा होता ना? मग एकदा वळून बसायचं! वाळू खाल्ली असती आम्ही एक दिवस.

आता कालचं सांगतो.

काल बुधवार. संध्याकाळी ऋतू पाण्यात गेली होती. मी न्हाणीघरात गेलो, तिथं एक निळी बादली होती, ती भरली. मग पिंप भरलं. मग मालकीणबाईंकडून आणखी दोन बादल्या मागून आणल्या, त्याही भरल्या. दोघांचे मोबाईल चार्जिंगला लावले. बॅटरी शोधून उशाशी ठेवली. हे सगळं मी इतक्या सहज केलं की आपण काही करतोय हे मला जाणवलंसुद्धा नाही.

ऋतू ओल्या केसांनी आली आणि दारात थांबली.

"बाबा, हे काय?"

"उद्या गुरुवार ना," मी म्हटलं. "लाईट नाही, पाणी नाही."

बोलून गेलो आणि मलाच ऐकू आलं. ऋतू हसायला लागली. "अहो बाबा, थायलंड आहे हे!" हसत हसत पायरीवर बसली. पुन्हा बादल्यांकडं बघायची, पुन्हा हसायची. मग तिच्या हसण्याचा आवाज खाली गेला. माझे कान आहेत. हसणं कुठं संपलं ते मला कळलं. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.

"आईसारख्याच भरल्यात," ती नाक पुसत म्हणाली. "काठोकाठ. वर झाकण."

"मी कधी भरल्या होत्या? दर बुधवारी तीच भरायची."

"मग मला एक सांगा. गुरुवारी तुम्ही घरी. तुम्हाला चार वेळा चहा, सुट्टी म्हणून पुरणपोळी, नाहीतर मटण. रविवारी मी घरी. माझे मित्रमैत्रिणी, माझं इस्त्रीचं, माझं उशिरापर्यंत झोपणं. आईची सुट्टी कुठल्या वारी असायची?"

शॉपमधल्या बारा माणसांच्या रजा मला तोंडपाठ आहेत. कुणाची बहीण कधी बाळंत झाली आणि त्यानं किती दांड्या मारल्या, सगळं. घरातल्या माणसाचा वार मला सांगता येईना. देहूरोडची ती पत्र्याची खोली, मग शॉप, मग कर्जावरची दुसरी मशीन, मग पुनावळ्याचा फ्लॅट. हे सगळं मी उभं केलं असं मी चारचौघांत सांगतो. यात तू कुठल्या शिफ्टला होतीस? तिन्ही?

"आईची किती पीएल साठली असेल हो?" ऋतूनं विचारलं. आमच्यात पगारी रजेला सगळे पीएलच म्हणतात, तुला ठाऊक आहे.

"असेल बरीच."

"ती मी घेतेय. संपली की येते घरी."

मी हाडाचा मालक! म्हटलं, "एकाची रजा दुसऱ्याला घेता येत नाही. नियम आहे."

"नियम मला सांगताय? एचआरमध्ये होते मी. माणूस गेलं तर साठलेल्या रजेचे पैसे वारसाला मिळतात."

"पैसे मिळतात. रजा नाही."

"आईला पगार होता का? मग पैसे कुठनं येणार? रजाच मिळणार ना."

शोभा, इतकी वर्षं युनियनवाल्यांशी बोललो, असा मुद्दा माझ्यापुढं कुणी मांडला नव्हता. मी लाटांकडं बघत बसलो.

मग ती हळूच म्हणाली, "आणि ते माझं तिकीट रद्द करून टाका बाबा."

"कुठलं तिकीट?"

"पासपोर्टचा फोटो हॉटेलला लागतो म्हणून मागितलात ना माझ्याकडं? हॉटेल मीच बुक केलं होतं."

आता दोघंही हसलो. मालकीणबाई बाहेर येऊन बघून गेली. तिला वाटलं असेल, पंखेवाल्या बाबांना ऊन लागलं.

तिकीट काल रात्रीच्या जेवणाआधी रद्द केलं. रक्कम फारशी परत येणार नाही. ती इथून उत्तरेला जाणार आहे, मग लाओसला, पुढचं तिलाही माहीत नाही. मी विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाली, "वाटते की. पण घरी तुमच्यासारखाच मलाही तो फ्रिज ऐकू यायचा." मी तिला फ्रिजचं कधी बोललो नव्हतो गं. म्हणजे माझे कान तिनंही घेतलेत.

तुझ्यावर एक राग मात्र अजून आहे. बेअरिंग जायच्या आधी महिना-महिना कुरकुरतं. कितीही साधं असो, सांगतं. तू का नाही कुरकुरलीस? डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा दुखणं फार पुढं गेलं होतं, आणि तू त्यांनाच विचारत होतीस, "संध्याकाळपर्यंत सोडाल ना? उद्या गुरुवार आहे, पाणी भरायचंय." डॉक्टर तुझ्याकडं बघत राहिले. मीही बघत राहिलो. त्या दिवशी तरी मी म्हणायला हवं होतं, की मी भरतो.

आज सकाळी नळाला धो धो पाणी होतं. लाईटही होती. ऋतूनं भरलेल्या बादल्या एकेक करून बाहेर नेल्या. एक जास्वंदीला घातली, एकीनं पायरी धुतली, आणि उरलेल्या पाण्यानं आम्ही दोघांनी पायांची वाळू काढली. मालकीणबाईंनी बादल्या परत घेतल्या आणि एक शहाळं दिलं. त्याचे पैसे घेतले नाहीत. पंख्यांचे असावेत.

आता दुपार आहे. मी खुर्चीत मागं रेलून लिहितोय, त्यामुळं अक्षर तिरकं येतंय. लाटांचा ताल अजून लागलेला नाही. पण आज मी तो शोधतही नाहीये. येते, जाते. कुणाची काही ऑर्डर नाही, कुणाला डिलिव्हरी नाही. ऋतू झोपलीय. झोपेत तुझ्यासारखाच हात कपाळावर घेते.

तुला एक शब्द देतो. तुझी एवढी रजा ऋतू एकटी कशी संपवणार? थोडी माझ्याकडं घेतो. घरी गेल्यावर दर गुरुवारी दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून बसेन. चहा मीच करीन, एकदाच करीन. फोन आत ठेवीन. काही खोलणार नाही, कशाला तेल घालणार नाही, गणेशला फोन करणार नाही. फ्रिज वाजला तर वाजू दे. तास-दोन तास नुसता बसेन. आणि बुधवारच्या बादल्या मी भरीन, झाकणासकट.

तुझा,
अहो

ता. क. हे विमानतळावर एकटाच बसून लिहितोय. सकाळी धक्क्यावर ऋतू सोडायला आली होती. माझा एक पाय बोटीत होता, एक बाहेर, तेव्हा म्हणालो, "घरी चल ना गं." इंजिन सुरू होतं, तिला ऐकू गेलं नाही. म्हणून पुन्हा म्हणालो, मोठ्यानं.