हळू आवाजाचा लाऊडस्पीकर

गंगापूर रोड, नाशिक
२ सप्टेंबर २०२४

चि. सविता हीस,
अ. उ. आ.

तुझा फोन वाजत राहिला आणि मी नुसता बघत बसलो. घशातली गाठ काढल्यापासून बोलायला बंदी आहे. गाठ साधी निघाली, काळजी नको. पण आवाज परत किती येईल, ते डॉक्टरही सांगत नाहीत. मोबाईलवर टाइप करायला बोटं वळत नाहीत, म्हणून पत्र. तुझी वहिनी म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदाच घरात एवढी शांतता आहे आणि ती तिला चांगली मानवतेय.

मला मानवत नाही. गावच्या दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आपलं वाचनालय मोडून त्या हॉलचे दुकानगाळे करायचा ठराव सरपंच आणतोय. ज्या गावाला पुस्तकाची जागा जड होते, त्या गावाने पुढे कशाकशाची जागा विकायची, हे कुणीतरी उभं राहून विचारायला नको का? तोवर हळू बोलायची परवानगी मिळेल असं वाटतं. पण हळू आवाज चावडीपुढच्या पटांगणात पोचवायचा कसा? डीजेवाला सरपंचाचा मेव्हणा, त्याच्याकडे मी जाणार नाही. तुझ्या दुरुस्तीच्या दुकानात भंगाराचा ढीग आहे. त्यातून काही उभं राहील का?

फार थकवा आहे. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
गोटीरामदादा


जांभूळखोरे, ता. कळवण
११ सप्टेंबर २०२४

ती. स्व. दादास,
सविताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडू आलं आणि मेव्हण्याचं वाचून हसूही. तुम्ही घसा गमवाल, पण भांडण गमवणार नाही.

सेट तयार आहे. बंद पडलेल्या कॉम्प्युटरचे दोन स्पीकर आणि एका होम थिएटरमधला मोठा स्पीकर घेतला. ट्रान्सफॉर्मर जुन्या स्टॅबिलायझरचा. आवाज मोठा करणारी पट्टी एका टीव्हीतून काढली. ती तापते, म्हणून तिला कॉम्प्युटरमधलाच ॲल्युमिनियमचा तुकडा आणि पंखा लावला. सगळं टीव्हीच्या लाकडी खोक्यात बसवलंय. आधी द्राक्षाच्या पेटीत बसवलं होतं, पण फळ्या पातळ, नुसत्या थरथरायच्या. नवसाबाई कांद्याची पात विकून जाताना दुकानात डोकावली. म्हणाली, की एवढी घुरघुर तर तिचा नवराही करत नाही. मग अर्थिंग नीट केलं तेव्हा घुरघुर गेली.

आता नीट ऐका. हळू आवाजासाठी माईकचा आवाज फार वाढवावा लागतो. वाढवलेला माईक घेऊन तुम्ही स्पीकरसमोर गेलात, की शिट्टी मारणार. तेव्हा खोकं तुमच्या पुढे, तोंड लोकांकडे, आणि तुम्ही एका जागी. हात उडवत लोकांत शिरायचं नाही. सवयीसाठी सेट कळवण-नाशिक गाडीने पाठवतेय, ड्रायव्हर ओळखीचा आहे. सभेआधी परत पाठवा.

मीही दमलेय. दिवसभर लोकांचे मिक्सर आणि संध्याकाळी तुमचा लाऊडस्पीकर. पण तुम्ही बोलायलाच हवं. बाकी कुणाचं गाव ऐकत नाही.

वहिनींना नमस्कार. आठवण ठेवत जावी.
तुमची,
सविता


नाशिक
२१ सप्टेंबर २०२४

चि. सविता हीस,
अ. उ. आ.

सेट पोचला, वाजला आणि माझाच घात झाला. चूक तुझी नाही. मला वाटलं, कुजबुजण्याने घशाला काय होणार? म्हणून रोज खोली बंद करून, माईक ओठांशी धरून, अख्खं भाषण कुजबुजत राहिलो. एका जागी उभा राहिलो हो, तुझी शपथ! खोक्यातून स्वतःचा आवाज मोठा होऊन आला की अंगात बळ यायचं, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. काल डॉक्टरांनी घशात बघून कपाळाला हात लावला. कुजबुजण्याने घशावर ताण उलट वाढतो म्हणे. हे मी विचारलं नव्हतं, कारण नको ते उत्तर मिळेल ही भीती होती. आता महिनाभर एक शब्दही नाही. नाहीतर आहे तोही आवाज जाईल.

सेट परत पाठवतोय. सोबत भाषण लिहून दिलंय. ते तू वाच. ठासून वाच. जिथे रेघ ओढली आहे, तिथे थांब आणि लोकांकडे बघ.

चिडायचंही त्राण नाही. तुझ्यावरच भिस्त.
तुझा,
दादा


जांभूळखोरे
४ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दादा, ठराव झाला. वाचनालय गेलं.

सेटने दगा दिला नाही. शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू जात होतं. मी तुमचं भाषण वाचत होते, रेघेपाशी थांबत होते. दुसऱ्या पानावर नवसाबाई उठली आणि म्हणाली, की दादाचं बोलणं दादाच्याच तोंडी शोभतं. तुझ्या तोंडी ते लय जड होतंय बाई, तू तुझं काय ते सांग. लोक हसले. मी कागद ठेवले. मग सांगितलं, की रेडिओ दुरुस्तीचं पुस्तक मला त्याच हॉलमध्ये मिळालं, पाच वेळा घरी नेलं, आणि त्यावरच माझं दुकान उभं आहे. एवढंच बोलता आलं. मग खाली बसले.

बायकांचे हात आपल्या बाजूने वर झाले. पुरले नाहीत. सरपंच म्हणाले, की पुस्तकं दिवाळीपर्यंत हलवा, नाहीतर रद्दीत घालू. राग धरू नका. तुम्ही असता तर वाचनालय वाचलं असतं, असं सगळेच म्हणतात.

सेटचं काय करू? ट्रान्सफॉर्मरला एक गिऱ्हाईक आहे, पण मोडायला हात धजत नाही.

तुमची,
सविता


नाशिक
९ ऑक्टोबर २०२४

चि. सविता हीस,
अ. उ. आ.

मी असतो तरी वाचलं नसतं. इथे गप्प बसून हे मी पुष्कळ उलटसुलट करून पाहिलं. गावाने माझी भाषणं वर्षानुवर्षं ऐकली, टाळ्या वाजवल्या आणि पुस्तक न नेता लोक घरी गेले. पुस्तक पाच वेळा नेणारी माझ्याच घरात निघाली, आणि ते मला आता कळतंय. नवसाबाईला माझा नमस्कार सांग. तिने बरोबर ठिकाणी टोकलं.

सेट मोड. ट्रान्सफॉर्मर गिऱ्हाइकाला दे, हळहळू नकोस. भंगाराचा ढीग मागच्या पडवीत लाव आणि दुकानाची पुढची भिंत मोकळी कर. वाचनालयाची कपाटं तिथे येतील. मिक्सर दुरुस्त होईपर्यंत लोक तुझ्याकडे बसतातच. त्यांच्या हाताशी पुस्तक असू दे. तुझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर खोकं फुटलं, आतला माल शाबूत आहे.

सोमवारच्या गाडीने येतोय. बंदी घशाला आहे, हातांना नाही. पुस्तकं उचलेन, पुसेन आणि मागेल त्याच्या हातात देईन. कुणी विचारलं, दादा गप्प का, तर तूच सांग.

भाकरी नरम कर. घास अजून टोचतो.
तुझा,
दादा