दोन सूत दगड

२ जुलै
चेहरा संपत आला. कॉलेजच्या दारात उभी राहायची भारतमाता, पंधरा ऑगस्टला उघडणार. नमुना म्हणून कमिटीने युरोपातल्या कुठल्याशा संगमरवरी बाईचा फोटो दिला होता. चुण्या, पायघोळ वस्त्र, उभं राहणं, सगळं तिचं घेतलं. तोंड मात्र आईचं. नांदेडहून येऊन आबिड्सच्या एका दवाखान्यात तीस वर्षं फरशी पुसली तिने. मातीचा नमुना करताना चिक्कडपल्लीच्या घरी चादर गुंडाळून रोज स्टुलावर बसायची. तो नमुना कमिटीने पाहिला, कुणाला काही खुपलं नाही.

९ जुलै
कमिटीचे सेक्रेटरी रावसाहेब कुकटपल्लीला शेडवर आले. खूश. फुशारकीत सांगून बसलो, चेहऱ्यावर दोन सूत, म्हणजे पाव इंच दगड जादा राखलाय, घासकामाला. वडिलांपासूनची सवय.

१६ जुलै
रावसाहेबांचा फोन.
"मूरत एक नंबर है. मगर होंटाँ मोटे हैं, कामवाली बाई दिखरी. भारतमाता है भाई, पतले करो."
म्हटलं, कोरलेला दगड बदलत नाही.
"जोडनेकू नै बोलरा, निकालनेकू बोलरा. दो सूत है बोले थे ना तुम?"
त्या दिवशी कशाला तोंड उघडलं!

१७ जुलै
डोकं फिरलंय. बुद्धाच्या इतक्या मूर्ती केल्या, ओठ जाड म्हणून एकही परत आली नाही. यांच्या देशाला परकी बाई चालते, तिचे कपडे चालतात. फरशी पुसणारीचे ओठ चालत नाहीत.
काम सोडावं? दगड त्यांचा, उचलून नेतील. दुसरा कुणीतरी तिच्या तोंडावर छिन्नी चालवेल. ते तर त्याहून...

२८ जुलै
आईने पांढरं पातळ इस्त्री करून ठेवलंय. शेजारणींना सांगून झालं. रोज एकच, "कधी दाखवतोस रे?"
सांगवत नाही. भेकड आहे मी.

४ ऑगस्ट
रावसाहेब परवा बघायला येणार. सकाळी ओठांवर पेन्सिलीने रेघ मारली, किती काढायचं त्याची. तेवढ्यात आई दारात. एकटीच, दोन बस बदलून. मूर्तीपुढे बराच वेळ उभी. आधी स्वतःच्या ओठांवरून बोट फिरवलं, मग दगडाच्या. रेघेवर थांबली.
"हे काय रे?"
"थोडं काढायचं राहिलंय."
"मग सांगायचं नाही का!" कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, पदर सारखा केला, हनुवटी वर करून बसली. "बघ नीट. घाई करू नको."
तासभर तशीच बसली होती. मी छिन्नीला धार लावत राहिलो.