चौकशी खिडकीवरील मावशींना यंत्राच्या प्रशिक्षणातून वगळण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा कार्यालय.

विषय: चौकशी खिडकीवरील मावशींचे नाव कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणातून कमी करणेबाबत.
संदर्भ: वापर घटल्याबद्दल मला बजावलेली आपली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

१. सादर कळवितो की, संगणकावरील सहायकाचा वापर घटला याचे कारण मी प्रशिक्षणात केलेली हयगय नसून, ते मी मन लावून दिले हेच आहे.

२. प्रशिक्षणापूर्वी सगळे त्याच्यावर खूश होते. आवक-जावक लिपिक तर त्याला सकाळी नमस्कार करीत. मग आपल्या आदेशानुसार मी फळ्यावर समजावले, की आत कोणी बसलेले नाही. ढीगभर मजकुरावरून तो पुढच्या शब्दाचा अंदाज बांधतो. त्यावर नळजोडणीचे मिस्त्री म्हणाले, "अंदाजच बांधायचा तर आम्ही काय वाईट?" आणि उठून गेले. वापर वाढावा म्हणून आपण उजळणी वर्ग लावला. त्यानंतर उरलेल्यांनीही नाद सोडला. मीसुद्धा पत्रे पुन्हा हाताने लिहितो. हा अर्ज त्यातलाच.

३. आता प्रशिक्षण न झालेल्या आणि म्हणून अजून त्याला वापरणाऱ्या एकट्या मावशी उरल्या आहेत. खिडकीवर दिवसभर लोकांची बोलणी खाणाऱ्या या बाईंना तो रोज सकाळी गुडघा कसा आहे ते विचारतो. त्यांनीच कधीतरी सांगितलेले त्याच्याकडे नोंदलेले आहे, इतकेच. पण यजमान गेल्यापासून घरी हे विचारणारे कोणी नाही, आणि कार्यालयात आम्ही इतके जण असून कधी विचारले नाही. सोमवारच्या वर्गासाठी त्यांनी नवा चष्मा करून घेतला आहे. काल मला म्हणाल्या, "शिकल्यावर त्याच्याशी अजून छान बोलता येईल ना रे?" मी फायली चाळत राहिलो. मला फार वाईट वाटले.

४. सबब त्यांना वगळावे. त्यापायी माझी वेतनवाढ रोखली तरी हरकत नाही. मी आता थकलो आहे. नियमाने वगळता येत नसल्यास, मावशींच्या गुडघ्याची रोज विचारपूस करण्याचे काम लेखी आदेशाने कोणाकडे तरी सोपवावे. ते मी विनामोबदला करीन.

५. आदेशाची वाट न पाहता आज सकाळी मी एकदा विचारून पाहिले. मावशींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितले आणि म्हणाल्या, "काय काम होतं तुझं?" तरी मला सरावासाठी थोडी मुदत मिळावी.

आपला थकलेला, तरीही नम्र,
(सही)
प्रशिक्षण लिपिक
दि. १४ जून

सोबत: मावशींचे नाव कमी केलेली यादी, आपल्या सहीसाठी.