कातळाच्या कडेवरून वाजणारी घंटा

आबा, परवा मी तळ्याच्या वाटेने चालत गेले होते. गुडघे कुरकुरतात, तरी गेले. बांध संपून वाट जिथे रानात शिरते तिथे आता नवी खडी टाकली आहे, जांभ्याचीच, तांबडी. तिच्यावरून आमच्या शाळेचे मास्तर सायकलने उतरत आले. चाकांखाली खडी करकरली आणि मी वाटेकडेच्या करवंदीच्या जाळीमागे जाऊन उभी राहिले. मास्तर भले माणूस. उतरून म्हणाले, "घाबरलात की काय काकी?" मी नाही म्हटलं. घाबरले नव्हतेच, लपले होते. इतक्या वर्षांनी पाय आपणहून जाळीकडे वळले. तेव्हाच ठरवलं की तुम्हाला लिहायचं. माझ्या मुलाला तुमच्यापासून कोणी लपवलं, हे तुम्हाला मरेपर्यंत चुकीचंच ठाऊक राहिलं. मला तेवढंच सांगायचं आहे.

तुमची सायकल मुंबईहून आगबोटीने आली तेव्हा मी दहा वर्षांची होते. देवी टोचायला गावोगाव पायी हिंडून तुमच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. सायकल जुनीच होती, पण तिची घंटा नवी होती. आई गेल्यापासून मला घरी एकटी ठेवायचं नाही म्हणून तुम्ही मला मागे गोणपाटाची घडी घालून बसवायचात आणि लशीच्या नळ्यांचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या मांडीवर द्यायचात. तळ्याभोवती आपल्या तीन वाटा. एक बांधावरची, सपाट. दुसरी डोंगराच्या कुशीतून जाणारी, किंजळ आणि ऐनाच्या सावलीची. त्या वाटेवर दुपारीसुद्धा गार वाटायचं आणि झाडांमधून खाली पाणी चमकायचं. तिसरी वाट वर कातळावरून, आणि मग एकदम खाली, सुट्या खडीची. चढावर मी उतरून मागून ढकलायची. उतारावर तुम्ही ओरडायचात, "पाय वर, तोंड बंद!" तोंड उघडं राहिलं तर धक्क्याने जीभ चावली जाते. एकदा बांधावर तुम्ही मला सीटवर बसवून मागून धरलंत. चाक खडीवर सरकलं तशी मी हँडल आवळलं आणि पडले. तुम्ही गुडघ्यावरची माती झटकलीत आणि म्हणालात, "खडीवर चाक थोडं नाचतं. नाचू द्यायचं. आवळलंस की पडलीस."

त्या दिवसांतली एक गंमत आठवते. डोंगरातल्या एका वाडीत टोचणाऱ्याची घंटा ऐकून बायांनी पोरं दडवली होती. एक जण दारात उभी राहून म्हणाली, "आमच्याकडं पोरं नायत. मांजरं हायत दोन." तेवढ्यात तिच्या मागच्या कणगीत कोणीतरी जोरात शिंकलं. तुम्ही टोपी काढून म्हणालात, "वहिनी, तुमच्या भाताला सर्दी झालीय." ती बाई पदर तोंडाशी धरून इतकी हसली की तिनेच झाकण काढून पोर बाहेर ओढलं. परत येताना तुम्ही म्हणालात, "भांडून कोणी दंड पुढे करत नाही. आधी माणसाला हसवावं." माझ्या दंडावर तुमच्या हातच्या चार खुणा होत्याच. त्या बायांना दाखवायचं काम माझं. बाही वर करायची आणि सांगायचं, दुखत नाही. खरं तर दुखलं होतं.

मग तळ्यापलीकडच्या गावात मला दिलंत. तुमची फेरी तिकडे आली की तुम्ही कातळाच्या कडेवर थांबून घंटा वाजवायचात, तीनदा. बाकीच्या गावांत शिरताना तुम्ही अलीकडे अलीकडे घंटेला फडकं बांधू लागला होता, म्हणजे पोरं दडवायला वेळ मिळू नये. आमच्या गावाला मात्र नाही. "लेकीच्या गावात चोरासारखा शिरू काय?" असं तुम्ही म्हणायचात. ती घंटा ऐकून मी चुलीवर चहाचं आधण ठेवायची.

माझी पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसऱ्या वेळी मी तळ्याकाठच्या देवीच्या पायरीवर डोकं ठेवून बोलले होते की हे मूल पाच वर्षांचं होईपर्यंत त्याच्या अंगाला लोखंड लावणार नाही, मग त्याचं जावळ तुझ्याच दारात काढीन. तो जगला. केसांच्या जटा झाल्या, पण जगला. तुम्ही आलात की तो सायकलला लटकायचा. घंटेवर त्याची बोटं पुरत नसत, म्हणून तुम्ही तुमचा अंगठा खाली आणि त्याचा वर ठेवून वाजवायचात. तो तीन वर्षांचा झाला तेव्हा जाताना तुम्ही म्हणालात, "पुढल्या फेरीला याला टोचतो." मी मान हलवली. तुमच्या तोंडावर नाही म्हणता आलं नाही. आबा, नाही म्हटलं असतं तर तुम्ही समजावलं असतं आणि मी ऐकलं असतं. त्याचीच मला भीती होती.

तुमची टोचणी लोखंडाची. माझा नवस लोखंडाचा. मला दुसरं काही दिसत नव्हतं. आणि आता नीट ऐका. आदल्या दिवशी मी हे सासूबाईंजवळ बोलले, तर त्या भात पाखडता पाखडता थांबल्या. म्हणाल्या, "माझी दोन या रोगानं गेली गो. देवी काय सुईचा राग धरते? बापाचं ऐक." तुम्ही जन्मभर ज्या बाईला दोष दिलात, ती हे बोलली होती.

सकाळी घंटा वाजली. तीनदा. पोरगं टाळ्या पिटत अंगणाकडे धावलं. मी त्याला उचललं आणि मागल्या दाराने रानात पळाले. सासूबाई विहिरीवर होत्या. मला वाटलं होतं तुम्ही नेहमीसारखे गाडीवाटेने याल. पण त्या दिवशी तुम्ही आडवाटेने, रानातूनच उतरलात. खडी करकरत जवळ आली. मी करवंदीच्या जाळीमागे बसले होते, त्याला छातीशी धरून. तुम्ही माझ्यापासून दहा हातांवरून गेलात. टोपी मागे सरकली होती, पाठ घामाने भिजली होती, आणि तुम्ही आपल्याशीच काहीतरी गुणगुणत होता. त्याने तुम्हाला पाहिलं. तो हाक मारणार होता. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. घट्ट. त्याचा श्वास माझ्या तळव्याला लागत होता आणि चाकांचा आवाज लांब जाईपर्यंत मी हात काढला नाही.

तुम्ही पडवीत दुपारपर्यंत बसलात. सासूबाई म्हणाल्या, "आत्ता तर इथंच होती मायलेकरं." त्या खरं बोलत होत्या. तुम्हाला ते नाटक वाटलं.

चैत्रात गावात देवीची साथ आली. पोराला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी फोड उठले. निरोप मिळाला तसे तुम्ही आलात. त्या दिवशी घंटा वाजली नाही. तुम्ही त्याच्या उशाशी बसलात आणि कडुलिंबाचा टाळा घेऊन माशा वारत राहिलात, एवढंच करण्यासारखं उरलं होतं. मी त्याला रात्रंदिवस मांडीवर घेऊन होते. फोड माझ्या अंगाला चिकटत होते आणि मला साधा तापही आला नाही. दंडावर त्या चार खुणा होत्या ना. तुम्ही मला वाचवून ठेवलं होतंत, आणि मी हे बघायला वाचले होते. नवव्या दिवशी तो गेला. आमचे हे तेव्हा बोटीवर खलाशी होते. त्यांना कळायलाच दोन महिने लागले, आणि पुढे तीन वर्षांनी तेही समुद्रावरच गेले.

पोराला पोचवून आल्यावर तुम्ही अंगणात उभ्यानेच सासूबाईंना म्हणालात, "विहीणबाई, तुमच्या देवीधर्मापायी माझा नातू गेला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "व्हय. माझंच चुकलं." पाण्याचा तांब्या त्यांनी पुढे केलेला तसाच राहिला. तुम्ही सायकल हातात धरून चालत गेलात, आणि पुन्हा त्या उंबऱ्याशी आला नाहीत. त्यानंतर तुमची फेरी पलीकडच्या काठाने जायची. पाणी भरताना मला तुम्ही दिसायचात, झाडांमधून सरकणारा एक पांढरा ठिपका. मी घागर खाली ठेवून ठिपका नाहीसा होईपर्यंत उभी राहायची. वर्षातून एकदा देवीच्या पायरीवर आपण भेटायचो. दरवेळी मी ठरवून यायची, की आज सांगायचं. दरवेळी तुम्ही विचारायचात, "ती म्हातारी तुला छळत नाही ना?" आणि मी नुसतं नाही म्हणायची. ते नाही खरं होतं, पण ते एवढंच होतं. चौथ्या वर्षी तुम्ही तापाने गेलात.

अक्षरं तुम्ही मला बांधावरच्या ओल्या मातीत काडीने शिकवली होतीत. वाचायला माझी मी शिकले, वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. आता मास्तर पुस्तकं देतात. एकदा जिऱ्याच्या पुडीचा कागद निघाला तो देवी टोचण्याच्या सरकारी सूचनेचा. मी तो चुलीपाशी बसून तीनदा वाचला. तुम्ही बायांना सांगायचात तेच त्यात होतं, फक्त त्यात कोणी कोणाला हसवत नव्हतं.

हे सगळं मी पडवीत बसून लिहिते आहे. सासूबाई शेजारी आहेत. डोळे गेले, कान तीक्ष्ण आहेत. मघाशी म्हणाल्या, "टाक मघापासून खरखरतोय. कोणाला लिवतेस गो एवढं?"

"आबांना," मी म्हटलं.

त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. "मग माझं पण लिव. म्हणावं, त्या दिवशी पाणी घेतलं असतंत तर बरं झालं असतं. उन्हाचे गेलात." मग म्हणाल्या, "आता वाच बघू, काय लिवलंस ते."

मी वाचून दाखवलं. सायकल आगबोटीने आली ते, तीन वाटा, खडीवर नाचणारं चाक. कणगीतल्या शिंकेला त्या खोकला येईपर्यंत हसल्या. मग मी थांबले.

"पुढं?" त्या म्हणाल्या.

"पुढचं अजून लिहिलं नाही," मी म्हटलं.

त्यांनी हात लांब करून माझा गुडघा चाचपला आणि दोनदा थोपटला. आबा, त्या क्षणी कागद माझ्या मांडीवर होता, दोन्ही अंगांनी भरलेला, आणि त्यावर मी हात ठेवला होता. घट्ट.