वचनांचं खोकं

४ सप्टेंबर, सकाळी ७.१५
आजपासून नवं आयुष्य. प्रेसमध्ये पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरचं काम सुरू झालंय. रोज एक पान, पानावर एक धर्मवचन. मालकांनी सगळ्या धर्मांची मिळून हजारभर वचनं चिठ्ठ्यांवर उतरवून खोक्यात ठेवलीत. त्यातली निवडायची आणि प्रुफं तपासायची मी. एकोणीस वर्षं नुसते ऱ्हस्व-दीर्घ बघत आलो, अर्थाकडे लक्षच दिलं नाही. आता रोज डोळे मिटून एक चिठ्ठी काढणार आणि दिवसभर तसंच वागणार. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी अंघोळ करा.

५ सप्टेंबर
चिठ्ठी : आपण ज्याचं मन दुखावलं, त्याच्या दारी आपण जावं.
हात ओला होता, म्हणून ही धरली नाही. दुसरी काढली : मौन म्हणजे मनाचं स्नान. उत्तम. मशीनमनने तीनदा विचारलं, जाहिरातीचं पान असंच लावू का. मी नुसता हसलो. पान उलटं छापलं गेलं. मालक मला वाट्टेल ते बोलले. मौन असल्यामुळे मशीनमनचं नाव सांगता आलं नाही, ते उद्या सांगेन.

८ सप्टेंबर
धाकट्या भावाच्या बायकोचा फोन. अठरा तारखेला त्याच्या हृदयाचं ऑपरेशन. म्हणाली, दादा, त्याआधी एकदा येऊन जा. हे बोलून दाखवत नाहीत, पण वाट बघतात.
सहा वर्षं आमचं बोलणं नाही. बाबा गेले तेव्हा चार लोकांत मी म्हणालो होतो की धाकट्याने त्यांना औषधाविना ठेवलं. ते खरं नव्हतं, पण त्यामागची तळमळ खरी होती. त्याने उगाच मनाला लावून घेतलं. लहानपणापासून हळवा आहे. मी त्याला क्षमा करायचं ठरवलंय.

९ सप्टेंबर
दारी जाण्याचीच चिठ्ठी परत आली! मालकांनी एकच वचन दोनदा लिहिलेलं दिसतं. फाडून टाकली. पुढची : ज्ञानी माणूस थांबतो. थांबलो.

१२ सप्टेंबर
चिठ्ठी : हातातलं काम टाकून देवाकडेही धावू नये. (आजची पाचवी.) हातात मार्चची प्रुफं आहेत. चिठ्ठी बायकोला दाखवली. ती म्हणाली, तुम्ही चिठ्ठी काढत नाही, हवी ती शोधता. तिला अध्यात्मातलं ओ की ठो कळत नाही. जरा आवाज चढला माझा.

१४ सप्टेंबर
बायको एकटीच जाऊन आली. धाकट्याने विचारलं म्हणे, दादा खाली थांबलाय का? हिने सरळ नाही सांगितलं. काही तरी कारण सांगायला काय झालं होतं?

१७ सप्टेंबर, दुपारी ४
आज मुद्दाम चिठ्ठी काढली नाही. इस्त्रीचा शर्ट घातला, बसस्टॉपवर गेलो. बस आली, रिकामीच होती. चढलो नाही. गेल्यावर काय म्हणायचं तेच जमेना. मी खोटं बोललो होतो, एवढंच म्हणायचं होतं. प्रेसमध्ये परत येऊन जूनची प्रुफं संपवली. एकही चूक राहिलेली नाही.

१९ सप्टेंबर
ऑपरेशन नीट पार पडलं. मी म्हणतच होतो. परवा उगीच धावत गेलो असतो. आता निवांत क्षमा करता येईल. चार वाक्यं लिहून पाठ केली आहेत, आवाज मध्येच जरा भरून आणायचा.

२३ सप्टेंबर
हॉस्पिटलमध्ये गेलो. फळं नेली होती. धाकटा उशीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, थेट बाबांसारखा. चारही वाक्यं विसरलो. खुर्ची ओढून बसतोय तोच नर्स आली. म्हणाली, आत फक्त घरच्या माणसांनाच सोडतो, तुम्ही पेशंटचे कोण?
मी धाकट्याकडे बघितलं. तो खिडकीकडे बघत होता. म्हणाला, ओळखीचे आहेत, प्रेसमध्ये असतात.
नर्स म्हणाली, मग बाहेर थांबा.
पिशवी खुर्चीवर ठेवली. भाऊ आहे मी याचा, असं म्हणता आलं असतं. नर्स दार धरून उभी होती, तिला कशाला ताटकळत ठेवायचं म्हणून बाहेर आलो.