आत्याचा बिनआवाजाचा तास

उरण, १७ नोव्हेंबर

ती. शर्मिला आत्यास,
संघर्षचा सप्रेम जयभीम. वि. वि.

माझा मोबाईल जेट्टीवर बोटीतून उतरताना पाण्यात गेला, आणि तुझं बोलणंच डॉक्टरांनी बंद केलंय, म्हणून हे पत्र. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच.

पप्पांकडून कळलं. स्वरयंत्रावर साधी गाठ आहे, महिनाभर आवाज काढला नाहीस तर जाईल, नाहीतर ऑपरेशन. आणि तू काय केलंस? वर्गात कुजबुजून शिकवलंस! त्यानं घशाला उलट जास्त ताण पडतो म्हणे. अख्ख्या कामोठ्याला पाणी उकळून प्यायला लावणारी आरोग्याची बाई एवढी चुकली, म्हणून आम्ही खूप हसलो. मग पप्पा म्हणाले, मुख्याध्यापक श्यामसुंदर सर तुझा तास गणिताला देऊन तुला ऑफिसात बसवणार. तेव्हा हसू गेलं.

तर मुद्दा. मी हल्ली कंटेनर यार्डात आहे. (हो, नेरूळचं झेरॉक्सचं दुकान सोडलं. त्या किश्शात एक मांजर आहे, भेटल्यावर सांगतो.) इथे क्रेनचा एवढा आवाज की बोलून उपयोग नाही. खालचा माणूस हातानं सांगतो, वर बसलेला तसं करतो. अंगठा वर म्हणजे उचल, तळहात खाली म्हणजे हळू, दोन्ही हात आडवे म्हणजे थांब. पहिल्याच दिवशी मी दोन्ही हातांनी डास मारायला गेलो, तर कंटेनर अधांतरी थांबला. मी ओरडून माफी मागायला लागलो, तर आमचे इशारेवाले देवजीकाका म्हणाले, "वरडतंस कनाला, हात हाय ना."

तूही पोरांना हेच शिकव की. आणि कुजबुजू नकोस.

ओरडा लिहून पाठव, तोही जपून ठेवेन.
तुझा,
संघर्ष


कामोठे, २८ नोव्हेंबर

चि. संघर्ष यास,
आत्याचा सप्रेम जयभीम.

अक्षर लागलं नाही, अंदाजानेच वाचलं. हसलात ते लक्षात ठेवलंय.

ऑफिसात बसायची मला खरंच धास्ती होती. सातवीतली नमिता पाळीच्या दिवसांत घरीच राहायची, आता शाळेत येते. पोट दुखलं तर माझ्याकडे येऊन बसते. गणिताच्या तासाला ती कुणाला सांगणार होती?

तुझे इशारे फळ्यावर लिहून समजावले. वर नियम केला की माझा आवाज निघाला तर वर्गानं मला थांबवायचं. मंगळवारी हात धुण्याचा धडा होता. मी पोरांच्या हातांना हळद घातलेलं तेल चोळते आणि धुवायला पाठवते. धुऊन आल्यावर जिथे पिवळं राहिलं, तिथे मळही राहतो. धनेश नुसता पाण्याखाली हात धरून आला. त्याला हाक मारायला मी तोंड उघडलं, आणि सगळ्या वर्गाचे हात एकदम आडवे झाले. कुणाचे स्वच्छ, कुणाचे पिवळे.

दारात श्यामसुंदर सर उभे होते. एवढी शांतता कशी, वर्ग रिकामा सोडला की काय, म्हणून आले होते. ते मोठ्यानं काही विचारू लागले, तर धनेशनं त्यांनाही तळहात खाली करून दाखवला. मी धनेशकडे डोळे वटारले. पण सर मागच्या बाकावर बसले ते तास संपेपर्यंत. जाताना म्हणाले, "तास तुमचाच राहू द्या, बाई. गणिताचं मी बघतो."

गाठही लहान झालीय. अजून काही दिवस गप्प राहायचंय.

एक अडचण आहे. पोरांना शाब्बासकीचा इशारा हवाय. तुमच्या यार्डातला कळव.

जिथे असशील तिथे वेळेवर जेव, आणि आत्याला विसरू नकोस.
तुझी,
शर्मिला आत्या

ता.क. मांजराचं काय झालं?


उरण, ३ डिसेंबर

ती. आत्यास,
जयभीम.

देवजीकाकांना विचारलं. ते म्हणाले, यार्डात शाब्बासकीचा इशाराच नाही. काम बरोबर झालं की पुढचा कंटेनर येतो.

तेव्हा बुधवारी सुट्टी काढून मीच येतो. पोरांना म्हणावं, एक चांगलासा इशारा शोधून ठेवा. मी शिकून घेईन आणि इकडे आणेन. देवजीकाका आत्तापासून विचारतायत, कधी जातोस.

मांजर मजेत आहे. माझ्या खोलीवरच असतं.

माया अशीच राहू दे, बोलून नको.
तुझा,
संघर्ष